हत्यारपेटी

हत्यारपेटी म्हणजे कारागिराची हाताने वापरायची हत्यारे एकत्र ठेवण्यासाठी आणि कामाच्या ठिकाणी नेण्यासाठी असलेली पेटी, पिशवी किंवा गुंडाळी होय. तिला अवजारपेटी किंवा साधनपेटी असेही म्हणतात. गॅरेजमध्ये व कारखान्यांत टूलबॉक्स हा शब्द रूढ आहे. ‘हत्यार’ हा शब्द शस्त्र या अर्थानेही वापरला जातो. परंतु सुतार, लोहार, गवंडी, फिटर यांच्या बोलीत त्याचा अर्थ कामाचे साधन एवढाच असतो व या लेखात तो त्याच अर्थाने घेतला आहे.

पेटी एका माणसाला उचलता आली पाहिजे, या एका अटीमुळे तिची लांबी, खोली आणि वजन यांवर मर्यादा येते. कोणते हत्यार घ्यावे, कोणते वगळावे आणि घेतलेले कसे मांडावे, हे प्रश्न त्या मर्यादेतून निर्माण होतात. मांडणीमुळे जागा वाचते व हत्यार लवकर सापडते. याहून महत्त्वाचा, पण अनेकदा दुर्लक्षिला जाणारा उपयोग म्हणजे कोणते हत्यार परत आलेले नाही हे रिकाम्या जागेवरून कळणे. अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांत, जेथे कापसावरील प्रक्रिया हा जुना उद्योग आहे, तेथे हा उपयोग थेट सुरक्षेशी निगडित आहे.

पूर्वपीठिका

हत्यारे एका पेटीत ठेवण्याची पद्धत प्राचीन आहे. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९३६ मध्ये शेत नांगरताना सापडलेली मास्टरमिर पेटी हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. ओक लाकडाची ही पेटी सुमारे एक हजार वर्षांपूर्वीची असून तिच्यासोबत सुतारकाम व लोहारकाम यांची हत्यारे मिळून दोनशेहून अधिक वस्तू मिळाल्या. पेटीची लांबी एक मीटरपेक्षा कमी आहे. मर्यादित जागेत जास्तीत जास्त हत्यारे बसवण्याचे टोकाचे उदाहरण म्हणून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील पियानो-कारागीर हेन्री स्टडली (१८३८–१९२५) यांच्या पेटीचा उल्लेख केला जातो. भिंतीवर टांगता येणाऱ्या या पेटीची उंची बंद असताना सुमारे एक मीटर व रुंदी अर्धा मीटर आहे. तिच्यात सुमारे तीनशे हत्यारे बसतात. एका थरामागे दुसरा थर बिजागरीवर उघडतो. ही पेटी कलाकृती म्हणून अद्वितीय असली, तरी रोज वाहून नेण्याच्या कामाची नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे.

महाराष्ट्रातील पारंपरिक साधनांत सर्वांत आटोपशीर नमुना धोकटीचा आहे. धोकटी म्हणजे नाभिक व्यावसायिकाची हत्यारे ठेवण्याची चामड्याची पिशवी. वस्तरे, कातर, कंगवा, नखे काढण्याची नराणी, चिमटा, धार लावण्याचा दगड, वस्तरा परजण्याचा चामड्याचा पट्टा, आरसा, तुरटी आणि पाण्याची लहान वाटी एवढे साहित्य काखेत मावत असे. बलुतेदारीच्या प्रचलित वर्णनात सुतार व लोहार थोरल्या कासेत, तर न्हावी व कुंभार मधल्या कासेत येतात. लोहाराची ऐरण व भाता एका जागी रोवलेले असतात, म्हणून गिऱ्हाईक त्याच्याकडे जाते; नाभिकाला मात्र घरोघरी जावे लागे. धोकटीचा लहान आकार या फिरतीतून आला आहे. तिच्यात एक वस्तू शक्यतो एकापेक्षा अधिक कामे करते आणि धारदार वस्तू आपापल्या म्यानात किंवा मुठीत मिटून राहते. उघड्या धारेला भोवती मोकळी जागा सोडावी लागते, मिटलेल्या धारेला लागत नाही; त्यामुळे येथे सुरक्षा व जागेची बचत एकाच उपायाने साधते.

सुताराची, म्हणजे वऱ्हाडात ज्याला वाढई म्हणतात त्याची, स्थिती या दोहोंच्या मधली होती. वखर, तिफण, डवरा व बंडी यांची दुरुस्ती बहुधा त्याच्या दारात होई, तर घराचे वासे, चौकटी व दारे यांसाठी त्याला हत्यारे घेऊन जावे लागे. वाकस, पटाशी, रंधा, करवत, गिरमिट, कानस, गुण्या व हातोडी ही त्याची नेहमीची हत्यारे होत. यांत लांबीमुळे अडचण करवतीची होते. लाकडी पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस आडवी पट्टी ठोकून करवत तेथे अडकवण्याची रीत त्यामुळेच सोयीची ठरते. झाकणाखालची ती जागा एरवी वाया जाते. गवंड्याची थापी, ओळंबा, पातळी, सूत व रंधा ही हत्यारे मात्र सिमेंट-चुन्याने माखलेली असल्याने पेटीपेक्षा घमेल्यात किंवा गोणपाटाच्या थैलीत ठेवली जातात.

जिनिंग आणि फिटरची पेटी

१८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून ब्रिटिशांच्या कारभारात आला आणि १८६७ मध्ये भुसावळ–नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्थानके मुख्य मार्गावर आल्यानंतर येथील कापसाचा व्यापार वाढला व यंत्रावर चालणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. यंत्रांबरोबर नट-बोल्ट आले आणि त्यांच्याबरोबर पाने, कानस व फिलर गेज बाळगणारा फिटर हा नवा कारागीर आला.

दुहेरी रोलर जिनमध्ये चामड्याचा खरखरीत रोलर कापसाचे तंतू धरून स्थिर सुरीच्या धारेखाली ओढतो व हलती सुरी सरकी वेगळी पाडते. रोलर व सुऱ्या यांतील दाब आणि अंतर वारंवार जुळवावे लागते. हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि कापसाची आवक जोरात असताना यंत्र थांबवणे परवडत नाही. त्यामुळे दुरुस्ती घाईत, अनेकदा रात्री व रुईची तूस उडत असताना केली जाते. अशा वेळी यंत्रावर ठेवलेला पाना, सुटलेला नट किंवा वायसर कापसात पडला तर तो फिरत्या भागांवर आपटून ठिणगी उडू शकते. कपाशीतून आलेले खडे व लोखंडाचे तुकडे हे जिनिंगमधील आगीचे एक परिचित कारण आहे. मोकळी रुई क्षणात पेट घेते. दाबून बांधलेल्या गाठीत शिरलेली ठिणगी तर बाहेर धूर न दिसता दीर्घकाळ धुमसत राहू शकते. भारतात रुईची एक गाठ साधारण १७० किलोग्रॅमची असते, यावरून एका गाठीचेही नुकसान किती मोठे, याची कल्पना येईल.

म्हणून यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी पेटीतील हत्यारे मोजणे हा दुरुस्तीचाच भाग मानला पाहिजे. ढीग करून ठेवलेल्या पेटीत अशी मोजणी करण्यास वेळ लागतो व ती टाळली जाते. ठरावीक जागा असलेल्या पेटीत ती नजर टाकताच होते. विमान देखभालीत याच कारणासाठी प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापलेले फोमचे थर वापरतात. वरचा थर गडद व खालचा भडक रंगाचा असतो. हत्यार उचलले की खालचा रंग दिसतो. भिंतीवरील फळीवर हत्यारांच्या बाह्याकृती रंगवण्याची पद्धतही याच तत्त्वावर आधारलेली आहे. फोम महाग वाटल्यास जाड रबर किंवा चपलेच्या तळव्याचे शीट कापून तोच परिणाम साधता येतो. या पद्धतीत काही जागा खाचांमधील भिंतींना द्यावी लागते, हा तिचा खराखुरा दोष आहे.

जागा वाचवण्याच्या पद्धती

पेटी भरण्यापूर्वी ती रिकामी करणे ही पहिली पायरी होय. जपानी कारखान्यांत रूढ झालेल्या पाच ‘एस’ पद्धतीत सेइरी (नको ते वेगळे काढणे) ही कृती सेइतोनच्या (मांडणीच्या) आधी येते, ती याच कारणाने. पुढील तीन पायऱ्या सेइसो, सेइकेत्सु व शित्सुके या स्वच्छता, प्रमाणीकरण व शिस्त यांच्याशी संबंधित आहेत.

दुतोंडी पान्यांचा बाजारात मिळणारा नेहमीचा आठ नगांचा संच ६×७, ८×९, १०×११, १२×१३, १४×१५, १६×१७, १८×१९ आणि २०×२२ मिलिमीटर अशा सोळा मापांचा असतो. मोटारसायकल दुरुस्तीत प्रामुख्याने ८, १०, १२, १३, १४ व १७ ही मापे लागतात. तेवढ्यासाठी पाच पाने पुरतात. उरलेले तीन दुकानात ठेवता येतात. मात्र ‘एक माप, एक पाना’ हा नियम डोळे मिटून लावल्यास अडचण होते. बोल्टचे डोके धरून दुसऱ्या बाजूचा नट फिरवण्यासाठी त्याच मापाचे दोन पाने लागतात. म्हणून वारंवार लागणाऱ्या मापाचा एक दुतोंडी व एक रिंग पाना ठेवणे योग्य ठरते. सरकत्या जबड्याचा पाना दुसऱ्या पान्याचे काम भागवतो, परंतु घट्ट बसलेल्या नटावर त्याची पकड सैल पडून नटाचे कोपरे झिजतात.

आडवा ठेवलेला पाना आपल्या रुंदीएवढी जागा घेतो, तर कडेवर उभा ठेवलेला केवळ जाडीएवढी. लाकडाच्या पट्टीला करवतीने खाचा पाडून त्यांत पाने उभे बसवल्यास त्याच कप्प्यात दुपटीहून अधिक पाने मावू शकतात व माप वाचणेही सोपे जाते. पेचकस, हातोडी यांसारखी एका टोकाला जाड व दुसऱ्या टोकाला बारीक असणारी हत्यारे उलटसुलट ठेवावीत. एकाच्या मुठीशेजारी दुसऱ्याचे पाते आले की मधली पोकळी भरून निघते. सपाट व चौफुली अशी दोन्ही टोके असलेला, दांडा उलटा बसवता येणारा पेचकस दोन पेचकसांची जागा वाचवतो. सॉकेट, ज्याला गॅरेजमध्ये गोटी म्हणतात, ते पट्टीवर मापाच्या क्रमाने खोचावे. नट, वायसर, खिळे व फ्यूजची तार यांसाठी झाकणाची छोटी डबी हवी. ती नसली की हेच किरकोळ सामान पेटीचा तळ व्यापते.

जड वस्तू तळाशी व मुठीच्या बरोबर खाली असाव्यात, अन्यथा पेटी उचलताना एका बाजूस कलते. वापराचा क्रमही तितकाच महत्त्वाचा आहे. वीजकाम करणाऱ्याच्या पेटीत टेस्टर सर्वांत वर असला पाहिजे, कारण वीजप्रवाह बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय इतर कोणतेच हत्यार लागत नाही. पायऱ्यांसारखे उघडणारे तीन किंवा पाच कप्प्यांचे पत्र्याचे डबे दुकानात सोयीचे पडतात. पण ते उघडण्यास दोन्ही बाजूंना जागा लागते, त्यामुळे विहिरीच्या काठावर किंवा खांबावर काम करणाऱ्यास कापडी अथवा कॅनव्हासची गुंडाळी अधिक उपयुक्त ठरते. रेल्वेचा कीमॅन रूळ पायी तपासतो. त्याच्याकडे तर पेटीच नसते. पाना, हातोडा, झेंडे व धोक्याच्या सूचनेचे फटाके एवढेच सामान तो अंगाखांद्यावर नेतो.

उष्णता, पावसाळा आणि गंज

मे महिन्यात अकोल्याचे तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. उन्हात ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीच्या आत ते याहून बरेच वाढते. बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलच्या लिथियम बॅटऱ्या अशा पेटीत ठेवू नयेत. शिवाय मोकळ्या टोकांना पाना किंवा खिळा टेकल्यास शॉर्टसर्किट होते, म्हणून त्यांना टोपण लावणे आवश्यक असते. लाकडी दांड्यांना जवसाचे तेल लावल्याने ते चिरत नाहीत. मात्र त्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा बंद डब्यात ठेवल्यास तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावताना निर्माण होणारी उष्णता साठत जाते व चिंधी आपोआप पेटू शकते. चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. जवसाचे तेल वाळून चिकट थर होत असल्याने पकडीच्या सांध्यात ते घालू नये; तेथे यंत्राचे पातळ तेल वापरतात.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल हत्याराला चिकटून ओल धरून ठेवतो. हत्यार पुसूनच पेटीत ठेवणे व तळाशी तेल लावलेले जाड कापड अंथरणे हे गंजावरील साधे उपाय आहेत. पावसाळ्यानंतर येणाऱ्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा करण्याची प्रथा आहे. त्यासाठी प्रत्येक हत्यार पेटीबाहेर काढून स्वच्छ केले जाते. त्यामुळे धार, दांडे व गंज यांची वार्षिक तपासणी आणि मोजदाद आपसूक होते.

प्रशिक्षण व शासकीय साहाय्य

केंद्र शासनाची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली. तिच्याखालील औद्योगिक प्रशिक्षण संस्था अमरावती व अकोला येथेही आहेत. फिटर हा या संस्थांतील दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून हत्यारांची निगा व जागेवर ठेवण्याची सवय त्यात कार्यशाळेतील कामातूनच लावली जाते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, गवंडी, नाभिक, चर्मकार आदी १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. पात्र कारागिरास प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. हातोडी व हत्यारसंच बनवणारे कारागीर हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून या १८ व्यवसायांत गणला आहे.