हद्दवाढ, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील

नगरपरिषदेच्या हद्दीत लगतच्या ग्रामपंचायती घेणे, किंवा शेजारच्या वस्त्यांची मिळून एक नागरी संस्था करणे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ खाली शासन आधी उद्देशाची अधिसूचना काढते, हरकती-सूचना मागवते आणि मग हद्द ठरवते.

जिल्ह्यात मालवण, वेंगुर्ले व सावंतवाडी या जुन्या नगरपरिषदा आहेत. २०११च्या जनगणनेत त्यांपैकी एकीचीही लोकसंख्या २५ हजारांवर नव्हती. त्याआधीच्या दशकात जिल्ह्याचीच लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली होती. त्यामुळे ‘वाढते शहर गावे गिळते’ ही महाराष्ट्रातली नेहमीची तक्रार इथे तशीच लागू पडत नाही.

मालवणची अडचण वेगळी आहे. मुंबईच्या बोटी बंद झाल्या, बंदराची उलाढाल आटली. महामार्ग आणि १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे कणकवली-कुडाळवरून गेली आणि घाऊक व्यापारही तिकडे सरकला. नंतर पर्यटन आले, पण त्याचा मोठा भाग तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर, म्हणजे शहराच्या हद्दीबाहेर. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी मालवण बंदरातून सुटते, जेवण-बाजार शहरात होतो, वाहनांची कोंडी आणि कचरा शहराच्या वाट्याला येतो. मुक्काम मात्र ग्रामपंचायतीत, आणि घरपट्टीही तिकडेच. नुसता ताळेबंद पाहिला तर हद्दवाढीची बाजू भक्कम दिसते.

गावांची बाजूही पोकळ नाही. कर्ली खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर लोकांनी राहत्या घरातच न्याहरी-निवास चालवले आहेत. नगरपरिषदेत गेल्यावर वाढीव मालमत्ता कर, बांधकाम परवानगीचे हेलपाटे आणि विकास आराखड्यातले आरक्षण यांची धास्ती असते. ग्रामसभा संपते, रोजगार हमीची कामे थांबतात, जिल्हा परिषदेचे मतही जाते. शिवाय कोकणात गावाची हद्द ग्रामदेवतेचीही असते. गावऱ्हाटी म्हणजे देवस्थानाभोवतीची गावाची परंपरागत व्यवस्था, तिचे मानकरी आणि पालखीची वाट अधिसूचनेने बदलत नाही.

एकत्रीकरण प्रत्यक्षात घडले ते तालुक्याच्या ठिकाणी. तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती करण्याच्या राज्यव्यापी धोरणातून देवगड-जामसंडे, कसई-दोडामार्ग आणि वाभवे-वैभववाडी या जोडनावाच्या संस्था उभ्या राहिल्या. प्रत्येकी १७ प्रभाग. बंदराकाठचे देवगड आणि वरच्या अंगाचे जामसंडे यांनी नावात तडजोड केली हे शहाणपणाचेच. पाण्याला दोघांनाही दहिबावच्या नळयोजनेकडेच पाहावे लागते.

राज्यातले अनुभव संमिश्र आहेत. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ साली झाली. चार नगरपरिषदा आणि ५३ गावांची वसई-विरार महापालिका २००९ साली झाली, तेव्हा गावांनी तीव्र आंदोलन केले. कोल्हापूरची हद्दवाढ १९७२ पासून दशकानुदशके रखडली. पुण्यात घेतलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे तर पुन्हा वेगळी काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करावी लागली.

गंमत म्हणजे जिल्ह्याचे मुख्यालय सिंधुदुर्गनगरी ओरोस परिसरातल्या ग्रामपंचायतींच्या जमिनीवर वसले. नियोजनासाठी तिथे नवनगर विकास प्राधिकरण आले. जिल्हाधिकारी कार्यालय असलेल्या या वस्तीला निवडून आलेली नगरपंचायत मात्र दीर्घकाळ मिळाली नाही.