बचाव फसला, म्हणजे गुन्हा शाबीत झाला?

‘मीच मारलं, पण जीव वाचवायला मारलं,’ असं आरोपी म्हणाला की त्याचं निर्दोषत्व गृहीत धरणं संपलं. उरलेलं त्यानंच सिद्ध करावं. हे मत पुण्यात कट्ट्यावर ऐकू येतं, तसंच शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातही. ते निराधार नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०५, आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १०८, अपवादाचा लाभ मागणाऱ्यावरच सिद्धतेचा भार टाकतं. शिवाय तशी परिस्थिती नव्हती, असंच न्यायालयानं धरून चालावं, असं बजावतं. प्रतिपक्षाचा हा सर्वांत भक्कम मुद्दा.

पण भार किती? सरकार पक्षानं गुन्हा वाजवी संशयापलीकडे शाबीत करायचा. आरोपीनं स्वसंरक्षण अधिक संभाव्य आहे एवढंच दाखवायचं. प्रताप खटल्यात (१९७६) सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. त्यासाठी त्यानं साक्षीदार आणलेच पाहिजेत असंही नाही. सरकारी साक्षीदारांचा उलटतपास पुरू शकतो.

समजा, एवढंही जमलं नाही. मग गुन्हा आपोआप शाबीत? नानावटी खटल्यातला नौदल अधिकारी आणि ज्युरी सगळ्यांना आठवतात; १९६१च्या निकालातलं न्या. सुब्बा राव यांचं विवेचन फारसं कोणी वाचत नाही. अपवाद सिद्ध झाला नाही, तरी त्याच पुराव्यानं हेतूसारख्या एखाद्या घटकाबद्दल वाजवी संशय उत्पन्न झाला, तर आरोपी सुटतो, असं ते सांगतात. हे आरोपीचे लाड? नानावटींचा झटापटीतल्या अपघाताचा बचाव टिकला नाही. जन्मठेप कायम झाली.

पुण्याचाच सारडा खटला घ्या. तिथं स्वसंरक्षणाचा प्रश्न नव्हता, पण तत्त्व तेच. १९८२मध्ये विवाहितेचा विषानं मृत्यू झाला. सत्र न्यायालयानं पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं ती कायम केली. १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं आणि परिस्थितीजन्य पुराव्याचं ‘पंचशील’ सांगितलं. सरकार पक्षाच्या साखळीत खंड असेल, तर आरोपीच्या खोट्या बचावानं तो भरून निघत नाही, हेही त्याच निकालात आहे. बचाव खोटा ठरूनही जिथं गुन्हा शाबीत होत नाही, तिथं बचाव केवळ अपुरा पडल्यानं तो कसा होईल?

आता वाचकांनीच न्याय करावा. समजा, एखाद्या झटापटीत आरोपीलाही गंभीर जखमा झाल्या आणि सरकारी साक्षीदार त्यांबद्दल चकार शब्द काढत नाहीत. उत्तर कोणी द्यायचं? लक्ष्मी सिंह खटल्यात (१९७६) सर्वोच्च न्यायालयानं ते सरकार पक्षाकडे मागितलं.