आठ दिवस आणि चौदा वर्षें

आमच्या शेजारची एक मुलगी ह्या उन्हाळ्यांत नवऱ्यासह लंडनास जावयाची आहे. परवां ती एक कागद घेऊन माझ्याकडे आली. "काका, आठ दिवस मिळाले आहेत. ह्यांतलें काय पाहावें आणि काय सोडावें, त्यावर खूण करून द्या," असें म्हणून तिनें तो माझ्यापुढें ठेविला. कागदावर टॉवर होता, राजवाडा होता, संसदेचें घड्याळ होतें, नदीकांठचा मोठा पाळणा होता. यादी चांगलीच होती. पण ती जपानांतून जाणाऱ्या माणसानें केली असती तरी तशीच झाली असती. आंबिवलीहून जाणाऱ्या माणसासाठीं म्हणून तींत एकहि नांव नव्हतें.

मीं लंडन पाहिलेलें नाहीं. कल्याणकडे आणि कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजांतच माझें बहुतेक आयुष्य गेलें. ज्यानें शहर डोळ्यांनीं पाहिलें नाहीं त्यानें त्याविषयीं सल्ला द्यावा, हें धार्ष्ट्यच होय. तथापि त्या शहराशीं आमच्या गांवाचा संबंध वाटतो त्याहून जुना आहे. आमच्या दारावरून जाणारा कल्याण ते वाशिंद हा लोहमार्ग १८५५ सालीं सुरू झाला. तो बांधणारी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी लंडनची. तिला जन्म देणारा कायदा १८४९ सालीं तेथल्याच पार्लमेंटांत झाला. आणि तिच्या भागीदारांना शेंकडा पांच टक्के व्याजाची जी हमी देण्यांत आली, तिचा भार हिंदुस्थानच्या महसुलावर होता. जो कायदा आमच्या रुळांचा, तो लंडनचा. जो पैसा त्याच्या हमीचा, तो मात्र येथला. हा जमाखर्च ध्यानांत ठेवून त्या शहरांत पाऊल टाकावें, एवढाच माझा पहिला सल्ला आहे.

त्याच १८४९ सालीं लंडनांत एक मराठी माणूस न्याय मागत हिंडत होता. त्याचें नांव रंगो बापूजी गुप्ते. साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह ह्यांना कंपनीनें १८१९ च्या तहानें राज्य दिलें आणि १८३९ सालीं, गोव्याच्या पोर्तुगिजांशीं व इतरांशीं संधान बांधल्याचा आरोप ठेवून, तें काढून घेतलें. महाराजांची रवानगी काशीस झाली आणि गादीवर त्यांच्या धाकट्या बंधूंना बसविण्यांत आलें. ह्या अन्यायाची दाद थेट विलायतेंत मागावी, म्हणून जे वकील तिकडे गेले त्यांत रंगो बापूजी होता. त्याचे सोबती परतले, तो राहिला. १८४७ सालीं महाराज काशीस वारले, तरी तो राहिला. १८४८ त गादीवरचे बंधुहि औरस पुत्रावांचून निवर्तले. डलहौसीनें दत्तक नामंजूर करून राज्य खालसा करण्याचें ठरविलें आणि १८४९ च्या आरंभीं कंपनीच्या संचालकांनीं त्यास मान्यता दिली. तरीहि तो राहिला. १८५३ च्या अखेरीस तो परत फिरला, तेव्हां विलायतेच्या कामीं त्याचीं सुमारें चौदा वर्षें गेलीं होतीं. त्याच वर्षाच्या एप्रिलांत मुंबई ते ठाणें ही पहिली आगगाडी धावली होती.

तेव्हां लंडन पाहणाऱ्या मराठी माणसानें आरंभ लेडनहॉल स्ट्रीटपासून करावा. सिटी म्हणून जो शहराचा जुना व्यापारी भाग आहे, त्यांत हा रस्ता आहे. कंपनीची कचेरी ईस्ट इंडिया हाऊस ती येथेंच. १८५८ सालीं कंपनीचें राज्य गेलें, १८६१ सालीं इमारतहि पाडली गेली. आज त्या जागीं लॉइड्स ह्या विम्याच्या बाजाराची, नळ आणि जिने अंगाबाहेर काढलेली, १९८६ सालची पोलादी वास्तु उभी आहे. प्रवासी तिचें छायाचित्र घेतात आणि पुढें जातात. आपण मात्र तेथें थोडें थांबावें.

येथें कारभार कसा चाले, हें कळल्यावांचून रंगो बापूजीचें दुःख कळावयाचें नाहीं. कंपनीचे संचालक चोवीस, आणि त्यांच्या मागें भागधारकांची सभा. हजार पौंडांचा भाग असणारास एक मत, तीन हजारांस दोन, सहा हजारांस तीन, दहा हजारांस चार. १८३३ च्या सनदेनें कंपनीचा व्यापार बंद झाला, परंतु भागधारकांचा साडेदहा टक्के नफा हिंदुस्थानच्या महसुलांतून चालू राहिला. अशा सभेपुढें एका हिंदी राजाच्या राज्याचा वाद निघे. ज्यांचें उत्पन्न त्या महसुलांतून येतें, त्यांनींच त्या महसुलाच्या धन्याचा न्याय करावयाचा! साताऱ्याच्या प्रकरणावर ह्या सभेंत अनेकदां वादविवाद झाले. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्सन ह्यांच्यासारखे कांहीं इंग्रज गृहस्थ प्रतापसिंहांच्या बाजूनें तळमळीनें बोलले, हेंहि सांगितलें पाहिजे. न्यायबुद्धि ही कोणा एका जातीची मिरास नाहीं. परंतु भाषणें त्यांच्या बाजूला आणि मतें दुसऱ्या बाजूला, असा तो प्रकार होता.

तेथून वेस्टमिन्स्टरास जावें. पार्लमेंटचें घड्याळ बाहेरून सगळेच पाहतात. सभा चालू असेल तर आंत जाऊन प्रेक्षकांच्या सज्जांत अवश्य बसावें. त्यास पैसे पडत नाहींत. ह्यूमनें साताऱ्याचा प्रश्न ह्याच पार्लमेंटांत मांडला होता. जवळच डाउनिंग स्ट्रीट आहे. पंतप्रधानांचें दार दिसावें म्हणून तेथें फाटकाशीं गर्दी लोटते. पण आमच्या दृष्टीनें त्या रस्त्याचें महत्त्व निराळें आहे. प्रिव्ही कौन्सिलची न्यायसमिति तेथें बसत असे. हिंदुस्थानांतील शेवटचें अपील लंडनच्या ह्या रस्त्यावर चाले. पुण्याच्या ताईमहाराज प्रकरणांतील दत्तक खरें कीं खोटें, ह्याचा निकालदेखील १९१५ सालीं ह्याच समितीनें दिला. तो लोकमान्य टिळकांच्या बाजूचा झाला. घर पुण्याचें, दत्तक औरंगाबादेस घेतलेला, आणि निवाडा सात समुद्रांपलीकडे!

चार वर्षांनीं दुसऱ्या एका वादांत लोकमान्यांना तेंच शहर प्रतिकूल झालें. व्हॅलेंटाइन चिरोल ह्या लेखकानें आपल्या पुस्तकांत त्यांच्यावर जे आरोप केले होते, त्यांबद्दल त्यांनीं लंडनच्या न्यायालयांत फिर्याद लाविली. १९१९ च्या आरंभीं ती चालली. त्यांच्या वतीनें सर जॉन सायमन आणि चिरोलच्या वतीनें सर एडवर्ड कार्सन उभे होते. लोकमान्य हरले. त्या दिवसांत ते मेडा व्हेल भागांत हॉवली प्लेस येथें १० क्रमांकाच्या घरीं राहत. वॉरिक अव्हेन्यू ह्या भुयारी स्थानकावरून तें घर जवळ आहे. भिंतीवर त्यांच्या नांवाची निळी तबकडी आहे.

उत्तरेस हायगेटकडे क्रॉमवेल अव्हेन्यूवर ६५ क्रमांकाचें घर आहे. श्यामजी कृष्णवर्म्यांनीं १ जुलै १९०५ रोजीं उघडलेलें इंडिया हाऊस तें हेंच. १९०६ सालीं विनायक दामोदर सावरकर येथें राहावयास आले. इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयांतील इंग्रजांचेच कागद वाचून त्यांनीं सत्तावन्नच्या युद्धाचा इतिहास लिहिला, आणि त्या इतिहासांत रंगो बापूजीस स्थान दिलें. ज्या शहरांत त्याच्या अर्जांचे गठ्ठे बांधून ठेविले गेले, त्याच शहरांत अर्धशतकानें एका मराठी तरुणाच्या लेखणीनें त्याचें नांव पुन्हां वर काढलें. ह्या घरावरहि सावरकरांच्या नांवाची तबकडी आहे.

चौथें स्थळ प्रिमरोझ हिलजवळ, किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचें घर. १९२१-२२ त डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथें राहिले. १९२२ त ते ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, १९२३ त लंडन विद्यापीठानें त्यांना डी. एस्सी. ही पदवी दिली. त्यांच्या प्रबंधाचा विषय रुपयाचा प्रश्न हा होता. २०१५ सालीं महाराष्ट्र शासनानें हें घर विकत घेऊन तेथें स्मारक केलें. चॉक फार्म स्थानकावरून पायीं जातां येतें.

वर सांगितलेल्या स्थळांना एका सूत्रांत ओंवण्याचें कारण आतां सांगतों. रंगो बापूजी धन्यासाठीं दाद मागावयास गेला. लोकमान्य स्वतःच्या अब्रूसाठीं गेले. सावरकर बॅरिस्टरी शिकावयास म्हणून गेले आणि बंडाची तयारी करीत राहिले. आंबेडकर विद्या घेऊन आले. चौघांचे मार्ग भिन्न, मतेंहि भिन्न. परंतु त्या काळीं कुलुपाची किल्ली लंडनांत होती, म्हणून चौघांनाहि तेथें जावें लागलें. साताऱ्याचें राज्य खालसा झालें १८४९ त. बरोबर शंभर वर्षांनीं, १९४९ त, आपल्या घटनासमितीनें कायदा करून प्रिव्ही कौन्सिलचा हिंदुस्थानावरील अधिकार संपविला. आंबेडकर त्या वेळीं कायदेमंत्री होते. ह्यापुढें साताऱ्याच्या माणसाला न्यायासाठीं बोटीवर चढावें लागणार नव्हतें. शेजारच्या मुलीला लंडनास केवळ मौजेसाठीं जातां येतें, ही गोष्ट आज क्षुल्लक वाटते; ती क्षुल्लक व्हावी म्हणून शंभर वर्षें लागलीं.

कोणी म्हणेल, चार दिवसांच्या सुट्टींत हें ओझें कशाला? टॉवर पाहूं नये, उद्यानांत बसूं नये, नदींतून नावेनें जाऊं नये, असें मी म्हणत नाहीं. सुंदर तें सुंदरच आहे, मग तें कोणाचेंहि असो. साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत एक दिवस सहज जाईल. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ ह्याला मिळालेलीं आणि शिवछत्रपतींचीं म्हणून प्रसिद्ध असलेलीं वाघनखें ह्याच संग्रहालयाचीं. तीं जुलै २०२४ त तीन वर्षांच्या कराराने साताऱ्यास पाहावयास मिळालीं. शिवरायांनीं वापरलीं तीं हींच, हें सिद्ध करतां येत नाहीं, असें संग्रहालय स्वतःच सांगतें. भावना आणि पुरावा ह्या दोन वस्तु वेगळ्या ठेवण्याची ही शिस्त तेथून आणण्यासारखी आहे.

आणि ज्याला वाचनाची आवड असेल त्यानें सेंट पँक्रस स्थानकाजवळच्या ब्रिटिश लायब्ररींत एक सकाळ द्यावी. कंपनीचें आणि इंडिया ऑफिसचें सारें दप्तर आतां तेथें आहे. ओळखीचीं व पत्त्याचीं कागदपत्रें दाखविलीं असतां वाचकपत्र विनामूल्य मिळतें. ज्या कागदांसाठीं आपले लोक एके काळीं दारोदार हिंडले, ते आज मागणी केल्यावर मेजावर आणून ठेवितात.

मुलीच्या कागदावर मीं कशावरहि काट मारली नाहीं. खालीं हीं नांवें मात्र लिहून दिलीं, आणि सर्वांत शेवटीं एक स्थळ असें लिहिलें कीं तें वाचून ती हसली. "काका, हें तर ठाण्याचें!" होय, तें ठाण्याचेंच. परत आल्यावर रंगो बापूजीला स्वस्थता लाभली नाहीं. १८५७ सालीं साताऱ्यास ज्यांना देहदंड झाला त्यांत त्याचा मुलगा सीताराम होता. बापाला पकडण्यासाठीं इनाम लागलें, पण तो हातीं आला नाहीं. ठाण्यास अशी कथा सांगतात कीं, तो तेथें नातलगाच्या घरीं आला असतां इंग्रजांना सुगावा लागला; परंतु वेषांतर करून तो निसटला आणि पुन्हां कोणाच्याहि दृष्टीस पडला नाहीं. जांभळी नाक्यावरच्या चौकाला आज त्याचें नांव आहे. भाजीच्या पिशव्या घेऊन आपण त्या चौकांतून शंभर वेळां गेलों असूं. वर मान करून पाटी किती जणांनीं वाचली असेल?

म्हणून तिला म्हटलें, "लेडनहॉल स्ट्रीटवर उभी राहिलीस म्हणजे तो आठव, आणि परत आल्यावर एकदां ठाण्यास उतरून ती पाटी वाच. तुझे आठ दिवस तेथें पुरे होतील."