भीमाशंकरचे डोंगरी अरण्य : वर सरकण्यास जागा नाही

पवना, इंद्रायणी, भामा आणि भीमा. पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या परिसरातून वाहणाऱ्या या नद्यांचा उगम पश्चिमेकडील सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. पवना धरणाचे पाणी उद्योगनगरीच्या नळांना येते, तर भामा आसखेड धरणातील पाण्यात पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांसाठी वाटा ठेवण्यात आला आहे. नळ उघडणाऱ्याला धरण ठाऊक असते; धरणामागचे अरण्य मात्र सहसा ठाऊक नसते.

चाकणपासून भीमाशंकरचे हवाई अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. तेवढ्यात निसर्गाचा अवघा कायापालट होतो. चाकणच्या पठारावर वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो, तर भीमाशंकरच्या माथ्यावर तो तीन हजारांच्या आसपास जातो. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि तेथेच रिते होतात. त्यामुळे पश्चिमेला निमसदाहरित जंगल, त्याच्या पूर्वेला पानझडी रान आणि पुढे माळ असे पट्टे एकापाठोपाठ एक लागतात.

माथ्यावरील जंगलात अंजनी, जांभूळ आणि पिसा या वृक्षांचे प्राबल्य आहे. बेसाल्टच्या कातळावर मातीचा थर पातळ असल्याने झाडे फार उंच होत नाहीत. पण त्यांच्या फांद्या एकमेकींत गुंतून अखंड छत तयार होते. शेकरू, म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी, या छतावरच जगतो. तो क्वचितच जमिनीवर उतरतो. फळे, बिया, सालीवर गुजराण करतो, एकाहून अधिक घरटी बांधतो आणि झाडावरून झाडावर झेप घेतो. मधली चार झाडे तुटली की त्याचा रस्ताच तुटतो. शेकरूचे हे वसतिस्थान जपण्यासाठी १९८५ मध्ये सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले. ते पुणे, रायगड व ठाणे या जिल्ह्यांत पसरलेले आहे.

उष्म्याचे गणित

डोंगरात उंची वाढते तसे तापमान उतरते. दर शंभर मीटरला साधारण अर्धा ते पाऊण अंशाने. म्हणजेच हवामान एका अंशाने तापले तर पूर्वीचाच गारवा मिळवण्यासाठी वनस्पतींना दीडशे मीटर किंवा त्याहून अधिक वर सरकावे लागेल. हिमालयात त्यासाठी जागा आहे. भीमाशंकरचा माथा मात्र हजार-अकराशे मीटरवरच संपतो. पश्चिमेला कोकणात कोसळणारा कडा, पूर्वेला कोरडे होत जाणारे पठार. ओलाव्यावर जगणाऱ्या प्रजातींनी जायचे कोठे? खोल घळी, ओढ्यांचे काठ आणि जुनी दाट राई हीच त्यांची आश्रयस्थाने उरतात.

पावसाची तऱ्हाही बदलते आहे. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तीर्ण क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. संथ पाऊस जंगलात मुरतो आणि ओढ्यांतून पुढे बराच काळ झिरपत राहतो. एकदम कोसळणारा पाऊस तितका मुरत नाही. तो माती घेऊन धरणात उतरतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अतिवृष्टी, उतारावरील सपाटीकरण आणि विरळ झालेला झाडोरा यांचा त्यात किती वाटा, यावर बरीच चर्चा झाली. तीव्र उतारावरील माती धरून ठेवण्यास मुळे लागतात, एवढे तरी त्यातून नागरी वाचकांनाही उमगले असावे.

येथील महादेव कोळी समाजासाठी हिरडा हे नगदी उत्पन्न. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकला जातो. अवकाळी पाऊस, गारपीट वा वादळ यांचा फटका थेट या मिळकतीला बसतो. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळाने आंबेगाव-जुन्नर भागातील हिरड्याच्या झाडांचे नुकसान केले, आणि भरपाईचा प्रश्न त्यानंतरही रेंगाळला.

राई आणि कागद

या भागातील जुनी दाट राई टिकली ती प्रामुख्याने देवरायांमुळे. देवाच्या नावाने राखलेल्या रानाला कुऱ्हाड लावायची नाही, पडलेले लाकूडही घरी न्यायचे नाही, हा गावांचा दंडक. १९७० च्या दशकात डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा आसपास नाहीशा झालेल्या वनस्पती त्यांत तग धरून असल्याचे पुढे आले. आंबेगाव तालुक्यातील आहुपे येथील देवराई अभ्यासकांच्या परिचयाची आहे.

सरकारी संरक्षणाचे चित्र इतके स्वच्छ नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली व राधानगरी आहेत, भीमाशंकर नाही. गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालाने खेड-मावळ परिसरातील पवनचक्क्यांसाठी सुमारे १९४ हेक्टर वनजमीन वळवल्याच्या प्रकरणावर टीका केली होती. स्थानिक वनाधिकाऱ्याने दाट जंगल व शेकरूचे अस्तित्व नोंदवूनही मंजुरी दिली गेली, असा त्यातील आक्षेप. ‘स्वच्छ ऊर्जे’साठी डोंगरमाथ्यावर रस्ते कोरावे लागतात, ही बाब प्रकल्पांच्या जाहिरातींत येत नाही. कस्तुरीरंगन समितीच्या २०१३ च्या अहवालानंतर पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या प्रारूप अधिसूचना वारंवार निघाल्या. सहावी ३१ जुलै २०२४ रोजी निघाली.

औद्योगिक पट्ट्यातून पावसाळ्यात वृक्षारोपणाचा उत्साह असतो. मात्र गिरिपुष्प वा ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रांगा म्हणजे अरण्य नव्हे. कातळसड्यावर तर झाडे लावणेच चुकीचे. तेथील गवते आणि पावसाळी फुले हीच त्या जागेची संपत्ती होय. अभयारण्याबाहेरील मालकी रान, ओढ्याकाठची झाडी आणि दोन देवरायांमधला झाडोरा राखणे त्याहून अधिक मोलाचे आहे, कारण शेकरूची वाट आणि प्रजातींची सरकण्याची जागा नेमकी तेथे आहे. ही जमीन बहुतांशी शेतकऱ्यांच्या व गावांच्या ताब्यात असल्याने त्यांच्या संमतीखेरीज आणि राखणीच्या मोबदल्याखेरीज ते होणे कठीण आहे.