फैजपूरचा बांबू आणि आपला 'एथनिक कॉर्नर'

हल्ली नवीन फ्लॅट घेतला की इंटिरियरवाला पहिल्याच मीटिंगमध्ये दोन शब्द टाकतो: 'रस्टिक' आणि 'एथनिक'. मग हॉलच्या कोपऱ्यात बांबूचा दिवा, मातीचा घडा, भिंतीवर वारलीची फ्रेम. बिल बघून मात्र गाव अजिबात आठवत नाही! पण मंडळी, बांबू-मातीची ही सजावट सगळ्या देशासमोर थाटात मांडली गेली ती आमच्या खानदेशात, आणि तीही १९३६ साली.

गाव फैजपूर. सावदा आणि यावलच्या मधलं, केळीच्या पट्ट्यातलं. आज जळगाव जिल्ह्यात, तेव्हा पूर्व खानदेशात (धुळ्याकडचा तो पश्चिम खानदेश). डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं ५० वं अधिवेशन इथे भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन, आणि खेड्यातच हवं हा हट्ट गांधीजींचा. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी अशी इकडची माणसं राबली.

आता खेड्यात एवढ्या माणसांची सोय करायची म्हणजे तात्पुरतं एक गावच उभं करायचं. मंडप, झोपड्या, प्रदर्शन, सगळंच. गांधीजींनी बोलावलं कुणाला? शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे नंदलाल बोस. तेच ते, ज्यांनी पुढे संविधानाची मूळ प्रत सजवली. ते म्हणाले, मी चित्रकार, आर्किटेक्ट नव्हे. त्यावर गांधीजींचं उत्तर अशा अर्थाचं होतं, की आम्हाला निष्णात पियानोवादक नकोय, साधा फिडलवाला चालेल. क्लायंट असावा तर असा!

अट एकच. सामान आसपासचं आणि हात गावातले. सातपुडा उत्तरेला लागूनच, त्यामुळे बांबू-लाकडाला तोटा नाही. बांबू, गवत, माती यांतूनच सगळं उभं राहिलं, आणि प्रदर्शनाच्या भाषणात गांधीजींनी नंदलालबाबूंचं तोंड भरून कौतुक केलं.

खानदेशातल्या माणसाला यात नवल वाटलं नसणार म्हणा. इथली जुनी घरं धाब्याचीच. सागाच्या तुळया, त्यावर फळ्या-काटक्या, वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा, पण दर पावसाळ्याआधी माती नव्याने टाकायची, नाहीतर गळती ठरलेली. ते मेंटेनन्स कॅटलॉगमध्ये कुणी छापत नाही :)

माझा मुद्दा वेगळाच आहे. १९३६ चं 'लोकल' हा लूक नव्हता, ती खरेदीची पॉलिसी होती. पैसा कुठे जातो, काम कुणाला मिळतं, याचा विचार आधी. सौंदर्य त्यातून आलं. आपण लूक तेवढा उचलला. हजार किलोमीटरवरून कुरिअरने येणारा बांबूचा दिवा दिसायला फैजपूरचा, पण हिशोबाने नाही. गल्लीतल्या बुरुडाकडून पाटी घेताना मात्र आपण दहा रुपयांसाठी घासाघीस करतो.

आणि खरी गंमत पुढेच आहे. तीच पॉलिसी आज जळगावात शब्दशः लावली तर काय येईल हाती? एमआयडीसीत बनणाऱ्या प्लॅस्टिकच्या चटया आणि पीव्हीसी पाईप! सामान आसपासचं, हातही गावातले. गांधीजींना ते कितपत रुचलं असतं कोण जाणे, पण त्या रंगीत चटईला 'एथनिक कॉर्नर'मध्ये जागा द्यायला एकही डिझायनर तयार होणार नाही, हे मात्र नक्की.