तिसरा साचा

मंडळी, यंत्र सुधारलं की कामगाराचं काय होतं, हा वाद मुंबईने १९२८ मध्येच घातला होता. त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या बंद होत्या आणि सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. जपानी कापडाच्या स्पर्धेने मालक हैराण झाले होते. त्यांचं म्हणणं असं, की एका विणकराने दोनाऐवजी तीन साचे सांभाळावेत.

आता मास्तरकीच्या सवयीने हिशेब मांडतो. सहा साच्यांना आधी तीन माणसं लागत, आता दोन पुरणार. उरलेल्या दोघांना थोडा जास्त पगार मिळणार, तिसरा घरी. कागदावर उत्पादकता दीडपट! पण सूत हलकं असेल तर धागा सारखा तुटतो. मग तीन साच्यांमध्ये धावणाऱ्या माणसाला दम खायलाही फुरसत नाही. कामातलं समाधान कुठल्या रकान्यात लिहायचं?

याच संपाची दुसरी बाजू आपण सहसा सांगत नाही. विणकामाला गिरणीत मान होता आणि पगारही चांगला. पण धोट्यात नवी कांडी घातली, की धागा तोंडाने ओढून बाहेर काढावा लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हातात जाणार, म्हणून विटाळाचं कारण पुढे करून सवर्ण कामगारांनी अस्पृश्यांना साचेखात्यात येऊच दिलं नाही. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न त्याच वेळी संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोकपणे मांडला.

गंमत पाहा. तोंड न लावता धागा ओवता येईल असे धोटे जगात तेव्हाही होते. त्या सुधारणेने छातीत जाणारी कापसाची धूळ कमी झाली असती आणि विटाळाची सबबही उरली नसती. पण मालकांनी आग्रह धरला तो तिसऱ्या साच्याचा, धोट्याचा नव्हे. आणि कामगारही आपल्या कसबाचा अभिमान बाळगताना आपल्याच भावंडांसाठी दार बंद ठेवून बसले.

म्हणून मला वाटतं, यंत्र चांगलं की वाईट असं विचारण्यात अर्थ नाही. कुठली सुधारणा आधी आणायची हे कोण ठरवतं, ते विचारावं. आज संगणक कारकुनाचं काम करू लागला आहे. त्याच्यामुळे उरलेल्यांचा भार हलका होतो आहे, की त्यांच्या गळ्यात तिसरा साचा पडतो आहे? नोकरी करणाऱ्या नातवंडांनो, तुमचा अनुभव जरूर कळवा.