विश्वास आणि वहीखाते

पूर्वी ज्ञातीची मालमत्ता म्हणजे पंगतीची तांब्यापितळेची भांडी, जाजमे, फार तर एखादी धर्मशाळा. ती एखाद्या सधन व सचोटीच्या गृहस्थाच्या स्वाधीन असे. लेख नसे, शब्द असे. तो गृहस्थ हयात असेतो सर्व सुरळीत चाले. पुढे वारस म्हणत, "हे आमच्या घरचे," आणि ज्ञाती म्हणे, "हे सर्वांचे." सार्वजनिक संस्थांच्या कायद्याचा इतिहास हा या तंट्याचे उत्तर शोधण्याचाच इतिहास होय, असे आम्हांस वाटते.

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यासाठी १८२७ साली झालेल्या दुसऱ्या रेग्युलेशनाने, ज्ञातीच्या अंतर्गत प्रश्नांत दिवाणी न्यायालयांनी हात घालू नये, असे ठरविले. पंक्तीस कोणास घ्यावे, हे ज्ञातीने पाहावे. तथापि मालमत्तेवरील कायदेशीर हक्काचा प्रश्न निघाला म्हणजे तो न्यायालयापुढे येऊ शके. अशा वेळी ज्ञातीच्या वतीने उभे कोणी राहावयाचे, हीच पहिली अडचण पडे.

१८६० च्या एकविसाव्या कायद्याने, म्हणजेच संस्था नोंदणी अधिनियमाने, या अडचणीतून वाट काढली. सात वा अधिक व्यक्तींनी एकत्र येऊन संस्थेचे नाव, उद्देश व कारभारी मंडळाची नावे लिहून द्यावी आणि नोंदणी करावी. पदाधिकाऱ्यांच्या नावे संस्थेचा दावा चालावा. संस्था विसर्जित झाली तरी देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांनी आपसांत वाटून घेऊ नये. या शेवटच्या तरतुदीत संस्थाजीवनाचे सारे मर्म साठविले आहे. संस्थेचा पैसा कोणाही एकाचा नाही, इतकेच नव्हे, तर सर्व सभासद मिळूनही ते त्याचे धनी नव्हेत. तो त्या उद्देशाचा आहे.

कायद्याने चौकट दिली, पण प्रातिनिधिक कारभाराचा धडा आपल्याच लोकांनी घालून दिला. पुण्यास पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयी असंतोष माजला, तेव्हा लोकांच्या वतीने बोलणाऱ्यांस अधिकार कोणी दिला, हा प्रश्न पुढे आला. त्यातूनच २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, हे तिचे प्राण होते. सभेच्या सभासदास किमान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सुमारे ६००० लोकांनी आरंभी ९५ जणांस असा अधिकार दिला. केवळ प्रतिष्ठेच्या बळावर कोणी प्रतिनिधी होत नसे. दीडशे वर्षांपूर्वीचा हा दंडक आजच्या पुष्कळ संस्थांस लाजविणारा आहे.

तरीही विश्वस्तांनीच कसूर केली तर काय करावे, हा प्रश्न उरला होता. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील ९२ व्या कलमान्वये दोन वा अधिक हितसंबंधी व्यक्तींस अॅडव्होकेट जनरलची लेखी संमती मिळवून दावा लावता येई. परंतु असा खर्च व खटाटोप कोण करणार? स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने या प्रश्नाचा विचार केला आणि १९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम झाला. त्याने धर्मादाय आयुक्तांची कचेरी निर्माण केली. सरकार धर्मात हात घालीत आहे, असा आक्षेप घेतला गेला. १९५४ साली रतिलाल पानाचंद गांधी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदी रद्द ठरविल्या. परंतु मालमत्तेच्या व्यवस्थेवर कायद्याने देखरेख ठेवणे योग्यच, हे तत्त्व मान्य केले. २०१२ साली या कायद्याच्या नावातील 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले. १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली धर्मादाय संस्थाही त्याच्या कक्षेत येते. म्हणून आपल्यासारख्या मंडळास दोन नोंदण्या असतात. एक केली म्हणजे संपले, हा समज चुकीचा होय.

या कायद्याची बंधने मोजकीच आहेत. हिशेब नीट ठेवून दरवर्षी तपासून घ्यावे. स्थावर मालमत्ता पूर्वपरवानगीवाचून विकू नये. आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत तसा बदल अर्ज, ज्यास व्यवहारात 'चेंज रिपोर्ट' म्हणतात, कचेरीत द्यावा.

येथे आम्हांस एक कबुली देणे प्राप्त आहे. मंडळाचे चिटणीसपद आमच्याकडे असताना निवडणुका रीतसर झाल्या, इतिवृत्ते सुवाच्य अक्षरात लिहिली. परंतु बदल अर्ज काही दिला नाही. "आपण सारे घरचेच, कचेरीत कशास जावयाचे?" असे आम्हीच म्हणालो होतो. पुढे जुन्या विश्वस्तांपैकी दोघे निवर्तले. खात्यावर सही करणारा कोणी उरला नाही, आणि नोंदवहीत नवी नावे नसल्याने बँकेने ती मानली नाहीत. दोन वर्षे शिष्यवृत्तीची रक्कम बँकेत जशीच्या तशी पडून राहिली. त्या काळात ज्या मुलामुलींनी अर्ज केले होते, त्यांचे चेहरे आम्हांस अजून आठवतात. आमच्याकडून एका पैचीही अफरातफर झाली नव्हती. तरी त्या मुलांचे नुकसान व्हावयाचे ते झालेच. जन्मभर वर्गात हजेरी घेणाऱ्या आम्हांस स्वतःच्या संस्थेची हजेरी लावता आली नाही, याचा खेद आहे.

ज्ञातिबंधुभगिनींनो, वार्षिक सभेत हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे, हा गैरसमज आता सोडून द्यावा. ताळेबंद मागावा, लेखापरीक्षकाचा शेरा वाचावा, नोंदवहीत आज कोणाची नावे आहेत, हे विचारावे. प्रामाणिक कार्यकर्त्यास या प्रश्नांचा राग येऊ नये. ती वही उद्या त्याचीच साक्षीदार होणार आहे. पूर्वजांनी भांडी सांभाळली ती शब्दावर. आपण वास्तू व निधी सांभाळावयाचा आहे, तो शब्दाने आणि लेखानेही.